पाच प्रती

शेवटची तारीख एकतीस मे.
म्हणजे दुकानात कूलरपुढे खुर्ची एकच
आणि तिच्यावर माणूस नाही, प्रबंध बसलेला,
सरस वाळेपर्यंत.

लॉ कॉलेज चौकाच्या मागच्या गल्लीत
एकोणीस वर्षं मी विद्वत्तेला पुठ्ठे लावतोय.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती.
आत काय लिहिलंय याच्याशी दाभणाला देणंघेणं नाही,
कागद सत्तर ग्रॅमचा की शंभरचा
एवढंच त्याला कळतं.

पण पानं लावताना आकडे बघावे लागतात
आणि आकडे बघता बघता डोळा घसरतो.

परवा घसरला.
डॉक्टर तृप्ती उईके, सिकलसेल, कोष्टक नऊ.
गाव चिचटोला. नमुना एकसष्ट. स्त्री. वय चौदा.
चिचटोल्यात चौदा वर्षांची पोरगी
त्या साली एकच होती जी,
माझ्या बहिणीची रंजू.
सुई टोचली तेव्हा रडली नाही,
बिस्किटांचे पुडे मात्र मागून दोन घेतले.
इथं तिच्यापुढे दोनच अक्षरं: एस एस.
आणि त्यापुढच्या रकान्यात,
दुखण्याचं स्थानिक नाव: उपलब्ध नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
बाकीचे गठ्ठे सोडले,
चोरासारखे, आपल्याच दुकानात.

पर्यटनवाल्या पियूष चौकसेच्या पान दोनशे सातवर
चिचटोला 'अस्पर्शित' आहे.
तळ्याकाठी पाहुण्यांच्या मुक्कामाला वाव आहे,
रस्ता झाला तर.
सोबत फोटो: दारात माझी बहीण, डोक्यावर पदर,
खाली छापलंय, स्थानिक आतिथ्य.
(चहात दूध नव्हतं त्या दिवशी. ती अजून सांगते.)

इर्शाद अन्सारीच्या नकाशात आमचं गाव करडं.
करडं म्हणजे सिग्नल नाही.
त्याचं यंत्र टेकडीला वळसा घालून निरोप पोचवायचं,
सालईच्या झाडावर तीन महिने लटकलं होतं.
निष्कर्ष समाधानकारक आले,
मग तो बॅटऱ्या काढून घेऊन गेला.

चौघंही एकाच धुळीतून गेले असतील,
रामटेकच्या पुढं, एकाच हॉटेलात
तर्री-पोहे खाऊन.
एकमेकांना ओळखत नाहीत.
विद्यापीठात त्यांच्या इमारतीसुद्धा
एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

वंदनाताई खोब्रागडेंचा गठ्ठा सगळ्यात जाड.
साहित्य. बोलीतले शब्द, चारशे बारा पानं.
'ह'वर आलो तेव्हा दोन वाजले होते.
हाडफूट, स्त्रीलिंगी.
रात्री सांध्यांत शिरून पहाटेपर्यंत न निघणारी वेदना.
वापर: 'पोरीले हाडफूट लागली, दिवा राहू दे.'
सांगणारी: वत्सला, चिचटोला.

वत्सला म्हणजे माझी बहीण.
दिवा राहू दे, हे ती मलाच म्हणाली होती.

सकाळी उईके मॅडमना फोन लावला.
म्हटलं, कोष्टक नऊमधली ती रिकामी जागा, नाव आहे मॅडम, मिळालं.
तिकडं गाड्यांचे हॉर्न. मग म्हणाल्या,
काका, उद्या तारीख आहे.
आता काही हलवू नका.

हलवलं नाही.
रंजू आज मेडिकलला गोळ्या घ्यायला आली होती.
दुपारी बसून पानं लावत होती, बोट थुंकीनं ओलं करून.
'मामा, याच्यात माहं नाव कुठी हाय?'
नाव नसते बाई, म्हटलं, आकडा असते.
'कितवा?'
एकसष्ट.
'बरा हाय,' म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

पुस्तकाच्या कण्यात आम्ही रद्दीची पट्टी चिकटवतो,
बांधणी टिकावी म्हणून. ती दिसत नाही कुणाला,
पुस्तक उसवेल तेव्हाच.
वंदनाताईंची खराब छपाईची पानं पडली होती टोपलीत.
'ह'चं पान मी उईके मॅडमच्या पाचही कण्यांत घातलं.
कोष्टक नऊ चौकसेच्या कण्यात.
अन्सारीचा करडा नकाशा वंदनाताईंकडे.
अन्सारीला काय द्यावं सुचेना,
त्याला तो दाराचा फोटो दिला.

संध्याकाळी चौकसे प्रती घ्यायला आला,
हातावर तोलून म्हणाला, कणा जरा जाड वाटतो.
म्हटलं, उन्हाळा आहे जी.
सरस फुगते.