शंभरपैकी

तीस वर्षं बोर्डाचे भूमितीचे पेपर तपासले,
त्यामुळे वही आखताना हात थरथरला नाही:
बांधणी वीस, ओढ वीस, राख दहा,
चव पन्नास.
लाल पेन. अर्धा मार्क कापला तरी कारण लिहायचं.

महिन्याचा पहिला शनिवार, माझगावात केरसीची गॅलरी,
खाली गोदीतल्या क्रेन मान वाकवून उभ्या.
केरसी पेटी उघडतो. आत काटा अडुसष्टवर,
बाहेर ब्याऐंशी.
कोरड्या मुलखात म्हणे पेटीला पाणी पाजतात,
इथे तिचा ओलावा शोषून काढता काढता जीव जातो.
"मास्तर, पोराला सर्दी चालेल,
हिला नाय चालनार."

पहिली निकाराग्वाची. पान काळपट, तेलकट,
शिरा बारीक.
टोक कापलं. पेटवायची ती पापडासारखी,
ज्योतीला न टेकवता, फिरवत फिरवत.
धूर पोटात घ्यायचा नाही,
तोंडात धरायचा एखाद्या नावासारखा, जे आत्ता आठवेल,
आणि सोडून द्यायचा.

केरसीच्या पुस्तकात लिहिलेलं: देवदार, चामडं, कोको.
मी देवदार कधी हुंगलेला नाही.
मी लिहिलं: बिब्बा. मग सुंठ.
मग शाळेचं खडूचं कपाट, जूनमध्ये उघडल्यावर.
"असं लिहितात काय?"
म्हटलं, रीत वेगळी असली आणि उत्तर बरोबर असलं
तर पूर्ण मार्क द्यावे लागतात.
बोर्डाचा नियम आहे.

घरी कुमुद दारातच अडवते.
सदरा बादलीत टाकण्याआधी एकदा नाकाशी नेते, नाक मुरडते,
"आज गूळ करपलाय."
मी चप्पल न काढता वही उघडतो.
शेवटच्या इंचात काहीतरी होतं, तासभर सापडत नव्हतं.
करपलेला गूळ!
तिनं आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही.
चवीच्या रकान्यात तेव्हापासून कंसात एक छोटा 'कु' असतो.
केरसीला वाटतं, ती भूमितीतली खूण आहे.

फेब्रुवारीत केरसीला ताप आला.
गेला, पण जाताना वास घेऊन गेला.
मोगरा नाही, गॅस नाही, धनसाक नाही.
डॉक्टर म्हणाले, येईल. मग म्हणाले, बहुतेक.

मला वाटलं, आता पेटी उघडणार नाही.
उघडली.
होंडुरासची काढली, सात वर्षं राखलेली,
सत्तरीसाठी म्हणून बाजूला ठेवलेली.
नेहमीसारखी सावकाश पेटवली,
धूर जाताना बघत राहिला.
"गरम आहे," म्हणाला.
"बस. येवढंच."
मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "मास्तर, तू बोल."

मी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं बोललो.
सुरुवातीला जिरं. नाही, थांब. शहाजिरं.
त्याखाली दोर, भाऊच्या धक्क्यावर सुकत घातलेला.
थोडं खारट.
"खारट? नाय. खारट नसेल."
आहे, केरसी.
"बरं. मग लिही."
डोळे मिटून मान हलवत होता,
जसा मागच्या बाकावरचा एखादा हलवायचा
काहीच कळत नसताना,
आणि मी त्याला कधी उभं केलं नाही.

दीड इंच राख धरून राहिली.
बोट हलवायची कुणाची हिंमत झाली नाही.

रात्री कुमुदनं सदरा हुंगला. पुन्हा हुंगला.
"शहाजिरं कुठलं? बाळंतशोपा आहेत."
साडेनऊला फोन लावला.
केरसी, बाळंतशोपा.
पलीकडे बराच वेळ पंखा ऐकू आला.
"हां," तो म्हणाला. "मला तेच वाटत होतं."

बांधणी अठरा. ओढ एकोणीस. राख दहापैकी दहा.
चवीपुढे लाल पेन बराच वेळ टेकवून बसलो,
ठिपका पसरत गेला.
शेवटी बोर्डाची जुनी मोहोर आठवली, तीच हातानं लिहिली:
निकाल राखीव.