पाऊणपट

दाभोळ खाडीच्या तोंडाशी शाळा.
नव्या पडद्यावर पिझ्झा,
चार तुकडे, तीन रंगवा.
पाचवीच्या अठरा जणांनी रंगवले, निमूट.
उत्तर बरोबर. टाळ्या यंत्रातूनच वाजल्या.

मग मागच्या बाकावरून हर्षाली वासावे:
"सर, पाऊण म्हंजे भरतीचा हिशेब ना?
तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी,
तीनला पाणी भरणार."

पेन तिच्या हातात दिलं
आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो.
बाकाला सुकटीचा वास.

तिने पिझ्झ्यावरच मांडलं:
षष्ठी, साडेचार.
अष्टमी, सहा, पण तेव्हा भांग, पाणी थोडं.
"आमच्या मोहल्ल्यात, खाडीच्या आत,
अर्ध्या तासाने येतं," अझीम उठला.
"मग तुमची पाऊण वेगळी काय रे?"
टॅब उघडला, त्यात तीन वाजून अकरा.
वर्ग दोन होड्यांत बसला,
टॅबच्या होडीत फक्त तिघं.

अडीचला सगळे जेटीवर.
पायरीवर खडूच्या खुणा,
पाणी एकेक पुसत वर आलं,
तीन वाजून वीसला थबकलं.
कुणाचंच बरोबर नव्हतं.
असा आरडाओरडा मी वर्गात कधी ऐकला नाही.

वहीत रकाना: आज काय शिकवलं?
लिहिलं,
पाऊण तास गप्प बसलो.