टारफुला, पत्रक क्र. ४१

पुष्पकोशावरचे कंगोरे मोजायचे.
पाच असले तर एक जात, पंधरा असले तर दुसरी.
फुलं दोघींचीही पांढरी,
दोघीही ज्वारीच्या धांड्याला खेटून, वीतभर.
दारव्ह्याच्या शिवारात, ओल्या मातीत
भिंग डोळ्याला लावून मी बसलेली.
वच्छला नेहारेचं निंदण थांबलेलं.

"काय मोजून राह्यली वं?"
"कंगोरे."
"आमी तं फूल दिसलं का उपटतो.
पन फूल दिसलं म्हंजे
उशीर झाला असते."

ओल होती, तरी ज्वारी तहानलेली,
पानं गुंडाळून उभी.
तिच्याच खुरप्यानं माती सैल केली,
तांब्यातल्या पाण्यात मुळं खळबळली.
जोडावर एक गाठ, मोहरीएवढी.
अलीकडे कोण, पलीकडे कोण,
भिंगालाही सांगता येईना.

वहीत लिहिलं: यजमान, ज्वारी.
काय लिहिलं ते तिनं वाचून घेतलं,
मग पदर तोंडाला लावून हसली.
"यजमान?
अन् जेवाले बलावलं कोनं?"

जुन्या वर्तमानपत्रात दाबलेलं पांढरं फूल
तीन दिवसांत दौतीत बुडवल्यासारखं काळं.
टारफुला वाळतो तो असाच,
पुस्तकात आहे.

कंगोरे पाच. नाव लागलं.
चिठ्ठीवर गाव, तारीख, जमीन काळी,
गोळा करणारीचं नाव.
यजमान या शब्दापुढे ज्वारी लिहिते, शाईनं.
आणि त्याखाली पेन्सिलीनं,
कुणाला खोडायचं असेल तर खोडता यावं म्हणून:
न बोलावता.