चाळलेली वाळू

दुलंगे मॅडमनी पहिल्याच दिवशी
वह्या मिटायला लावल्या.
म्हणाल्या, जमिनीवर बसा. तासभर खेळा.
आम्ही अकरा जणी, दोन पुरुष,
सगळे पदवीधर, सगळ्यांचे गुडघे बोलणारे.
टॉवेलच्या गोदामावरची खोली, एप्रिल महिना,
आणि पंखा बंद, कारण वाळू उडते.

मला मातीचा गोळा मिळाला. निळा.
काय करावं कळेना, म्हणून हातांवर सोडलं.
हातांनी तो लांबट वळला,
टोक दुमडलं, बाजूला ठेवला,
दुसरा वळला.
पंचवीस झाल्यावर मी दोरा शोधू लागले.
तेव्हा कुठे दिसलं
की मी विड्या वळतेय.

मॅडम शेजारीच होत्या. ‘अरे वा’ म्हणाल्या नाहीत,
‘अगं बाई’सुद्धा नाही.
‘सगळ्या एकसारख्या झाल्यात,’ एवढंच.
मी जिन्यात जाऊन रडले
आणि येताना सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

घरी अम्मा, मांडीवर सूप.
आज काय शिकलीस, तिनं तेलुगूत विचारलं.
खेळले, म्हटलं.
‘पैसे भरून?’
तिची बोटं थांबली नाहीत.
‘आमच्या वेळी फुकट होतं,’ ती म्हणाली,
मग कट्टा बांधून झाल्यावर, ‘होतं म्हणे.’

पुढचं शिक्षण बहुतेक विसरण्याचंच.
बारा वर्षं बालवाडीत वाटलेली शाब्बासकी
आता गिळायची.
‘हे काय काढलंस?’ विचारायचं नाही.
त्यानं घोडा म्हणेपर्यंत घोडा म्हणायचं नाही.
पडला तर ‘ते पडलं’ म्हणायचं,
आणि पडलेलं राहू द्यायचं.
पुस्तकातलं एक वाक्य मराठीत आणताना
अख्खी दुपार गेली:
‘इथे तुला हवं ते करता येतं.’
मेहजबीन म्हणाली, खोटं वाटतंय.
‘जवळजवळ हवं ते’ केलं.
मग मुलांना सांगता येईल असं झालं.

त्याचं नाव सांगता येत नाही. नियम आहे.
वहीत तो ‘क्ष’. मंगळवार, साडेचार.
सात वर्षांचा, विडी घरकुलातून
आजोबांच्या सायकलवर येतो. शाळेत बोलत नाही.
वाळू मी स्वतः चाळते, खडा नको म्हणून.
पाच मंगळवार त्यानं एकच केलं:
प्लास्टिकचा बैल पुरला,
वरून तळव्यानं थापला,
जिभेनं आवाज काढत, खटक्-खट, खटक्-खट,
मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांशी ताल जुळवून.
बैल उकरायला माझे हात शिवशिवायचे.
मी ते मांडीखाली दाबून बसायचे.

सहाव्या मंगळवारी वीज गेली.
माग थांबले.
त्याची जीभही थांबली.
त्यानं वर पाहिलं.
‘आवाज थांबला,’ मी म्हटलं.
‘आता बाबा येतील,’ तो म्हणाला.

येतील म्हणजे? आले की काय होतं?
तू कुठे असतोस तेव्हा?
तिन्ही प्रश्न घशापर्यंत आले,
तिघांनाही परत पाठवलं.
‘माग थांबले की बाबा येतात.’
त्यानं बैलावर आणखी एक मूठ वाळू टाकली.
दुसरी माझ्या हातावर ओतली.

कुजबुजत विचारलं, हा एवढा प्रश्न चालतो:
‘हिचं काय करू?’
‘धरून ठेव.’

धरली.
चाळलेली वाळू मुठीत राहत नाही,
हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.
घट्ट केली तर जास्त सुटते,
सैल केली तरी सुटते.
तो माझ्या मुठीखाली आपली ओंजळ धरून बसला,
पडेल ते परत वर घालत.
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून
मला म्हणायचं होतं, ‘पाच मिनिटं उरलीत.’

रात्री नोंद लिहिली:
वीज गेली. बाबांविषयी बोलला, दोनदा.
मी मूठ धरली.
वेळ सांगायला दोन मिनिटं उशीर झाला.

मॅडमनी ‘बाबां’खाली दोन रेघा मारल्या,
समासात लिहिलं, आजच फोन कर.
‘उशीर’खाली एक.