अर्धा माणूस

कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात, लोखंडी कपाटात,
कॅरमबोर्ड आणि गेल्या गणपतीचं मखर यांच्यामध्ये
एक अर्धा माणूस ठेवलेला आहे.
कमरेखाली काही नाही. हात नाहीत.
डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं,
कुणाला तरी हाक मारता मारता राहून गेल्यासारखं.

आरोग्य केंद्रातून आला तेव्हा पावतीवर होतं : नग एक.
बायकांनी त्याला दाजी केलं.
उघडी छाती बरी दिसत नाही म्हणून
शेवंता चाळकेने जुना टॉवेल आणून पांघरला.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी दाजींना सतरंजीवर निजवते.
त्याआधी दंडांना पट्टे, रांगेने.
एकशे बहात्तर. एकशे अठ्ठ्याऐंशी.
गोळी? संपली. कधी? दिवाळीत.
बरं वाटत होतं, म्हणून नाही आणली.
बरं वाटणं हीच या दुखण्याची लबाडी,
हे सांगून माझी जीभ झिजली.
आणि मेढ्याहून खर्डा आला की शेवंता
एक बरणी माझ्यासाठीही भरते,
वर मिठाचा थर,
आणि मी ती घेते.

तिचा नवरा हणमंत पट्टा बांधू देत नसे.
बत्तीस वर्षं दाणाबंदरात पाठीवर पोती.
मान मोडली नाही, म्हणायचा, छाती काय मोडतीय.
दारातच उभा राहायचा, गालात तंबाखू,
“पाय असते तर ह्यो पण पळाला असता तुमच्यापासनं.”

एकदा बायकांना जमेना.
तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर ताठ,
दोन इंच खाली, मग पूर्ण वर येऊ द्यायचं;
दाबण्याइतकंच सोडणंही नीट हवं.
नेमकं दाबलं की दाजींच्या आत टक् वाजतं.
वाजेचना.
हणमंतने बाहेर जाऊन चूळ भरली, चपला काढल्या,
गुडघ्यांवर बसला आणि मोजायला लागला :
लाभ, दोन, तीन, चार.
धान्याच्या बाजारात एक म्हणत नाहीत.
पहिल्या मापाला लाभ म्हणतात.
टक्. टक्. टक्. टक्.
तीस झाले, थांबा म्हटलं. ऐकलं नाही.

मार्चमधला मंगळवार. तुर्भ्याचा बाजार.
लातूरहून रात्रभर तुरीची गाडी हाकत आलेला
मैनुद्दीन, वय एकेचाळीस,
चहा पिता पिता खाली बसला.
कप आधी पडला.
कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा,
कुणी तांब्या घेऊन धावलं.
शॉक द्यायची पेटी ऑफिसात होती,
ऑफिसला कुलूप होतं.
तांब्याचा हात हणमंतने बाजूला सारला.
एकशे आठ लावा, म्हणाला, आणि मग,
लाभ.

चौदा मिनिटं.
दमला की दुसरा, मग तिसरा,
खांद्यावरचं पोतं खांद्यावर द्यावं तशी
ती छाती हमालांनी हातोहात जागती ठेवली.

मैनुद्दीन वाचला, हे मी सगळीकडे सांगते.
त्याच्या दोन बरगड्या मोडल्या, तेही सांगते.
पंधरा दिवसांनी त्याच बाजारात, दोन गल्ल्या सोडून,
एक तोलणार गेला. आजूबाजूला वीस माणसं होती,
मोजणारं कुणी नव्हतं.
हे सांगताना मी जरा पुढे सरकते.

दुसऱ्या रविवारी हणमंत रांगेत दिसला.
काही बोलला नाही. बाही सारली.
एकशे शहाण्णव.
मी वहीत लिहिलं, त्याने आकडा उलटा वाचला.
“आता ह्ये रोज?”
रोज.
“बरं वाटलं तरी?”
बरं वाटलं तरी.
गोळ्यांची पट्टी त्याने उजेडात धरली,
पोपटी, जराशी चुरगळलेली,
अंगठ्याने एकेक फुगवटा चाचपत
लाभ, दोन, तीन.

जाताना शेवंताने माझ्यासाठी आणलेली बरणी
तो काखेत मारून परत घेऊन गेला.
बरोबरच केलं.
पण खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं.