तीन वर्षांची हमी

खेमराजचा पाय रात्री आमच्या ओसरीत चार्जिंगला असतो,
त्याच्या घरचा प्लग ढिला आहे.
हिरवा दिवा लागला की पोट भरलं.
एकदा मांजर त्याला टेकून झोपली,
उजाडलं तरी उठेना.

माझा धाकटा दीर. आरमोरीजवळच्या राईस मिलमध्ये
पट्ट्यानं डावा पाय ओढला, मांडीपासून गेला.
दोन वर्षं कुबड्या. मग हा आला,
खोक्यातून, थर्माकोलात, सोबत एक कार्ड:
तीन वर्षांची हमी.
पाण्यात बुडवू नये. उन्हात ठेवू नये.
मी कार्ड दोनदा वाचलं.
माझ्या पायांसोबत लिहून काहीच आलं नव्हतं.

आता तो बांधीच्या धुऱ्यावरून चालतो
आणि किती वाकायचं ते गुडघाच ठरवतो.
भेगा नाहीत, चिखल्या नाहीत, बाभळीचा काटा नाही.
भाद्रपदात मण्यार घोट्याला डसला,
हा उभाच. म्हणे, "चाव बापा, आनखी चाव."
घरी येऊन सांगताना मात्र खाली बसला.
"वयनी, खरं सांगू?
देव म्हनला ना, जुना पाय परत देतो,
त मी म्हनीन, राहू दे तुह्याजवळ."
सासू चिडली. देवाच्या देन्याले नावं ठेवतो.
"नावं नाही ठेवत, माय. हिशोब सांगतो."

मी काही बोलले नाही.
माझ्या डाव्या मांडीवर वीतभर पट्टा आहे,
तिथे लव उगवत नाही.
चौदाव्या वर्षी आईनं शेजारी बसवलं.
राखेच्या पाण्यात उकळलेले सहा कोसे,
सहांचे तंतू एकत्र ओढायचे,
मांडीवर तळहातानं वळायचे, असारीवर घ्यायचे. दिवसभर.
आधी साल निघते. मग पाणी धरतं.
मग कातडं शहाणं होतं,
म्हणजे बधिर.
लग्नानंतर नवऱ्यानं विचारलं, भाजलं होतं का?
मी हो म्हटलं. सोपं होतं.
सोसायटीत यंत्र आहे, पण मांडीवरच्या धाग्याला
भाव जास्त. शहरात म्हणे विचारून घेतात,
हातचाच आहे ना?
मांडीचं कुणी विचारत नाही.

काल सगळे नाटकाला गेले, रात्रभराचं होतं.
मी प्लग काढला.
पाय मांडीवर आडवा घेतला,
लेकरासारखा नाही, पाट्यासारखा.
तंतू ठेवले, हात फिरवला.
घसरले. पुन्हा घसरले.
त्याला ऊब नाही, घाम नाही,
धाग्यानं धरावं असं काही नाही.
मला बरं वाटलं, कबूल करते.
आपल्या कातड्याची काहीतरी किंमत उरली होती.

मग सायकलची फुटकी ट्यूब आठवली.
कापली, ताणून चढवली, वरून राख चोळली
आणि धागा आला.
एकसारखा. कुठे गाठ नाही, कुठे रक्त नाही.
लांबून तबला ऐकू येत होता, मध्येच हशा,
आणि मी असारी भरत होते.
माझी मांडी पातळाखाली रिकामी बसून.
खाजत होती.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जाणवत होतं तिला.

पहाटे ट्यूब काढली, राख पुसली,
पाय होता तसा भिंतीशी लावला.
खेमराज जागरणाचे डोळे चोळत आला, पाय चढवला,
कडी लागल्यासारखा आवाज झाला.
"वयनी, अर्धाच भरला हो."
"लाईट गेली होती," मी म्हटलं.

तो धुऱ्याला लागला.
गुडघ्याच्या सांध्यात एक तंतू अडकला होता,
मधाच्या रंगाचा,
कोवळ्या उन्हात बराच लांबपर्यंत दिसला.
मी हाक मारली नाही.
पातळावरूनच
डाव्या मांडीवर नख फिरवत राहिले.