चाती

मॅलकी हेफरनन शीतपेटी टेबलावर ठेवतो
आणि पायपुसण्यावर उगाच दोनदा बूट घासतो.
"नऊ नळ्या. तिसरीला लोखंडाचा वास येतोय, डिम्प्ना,
ती नाल्याकडची."
लेबल मी नंतर वाचते. नाल्याकडचीच असते.

एकतीस वर्षं हा डेरीगालच्या दलदलीवर
पीट खरवडायचं यंत्र चालवायचा.
उन्हाळाभर काळी भुकटी, दातांत, कानांत,
वीजघराकडे छोट्या रुळांवरून
वाघिणीमागून वाघिणी.
मग वीजघर बंद झालं, नाले बुजवले,
पाणी पुन्हा वर यायला लागलं,
आणि ज्यांनी ती दलदल वाळवली होती
त्यांनाच ती भिजवायच्या कामावर घेतलं.
याबद्दल तो एवढंच म्हणतो : पगार बरा आहे.

मी त्याची माती विरघळवते, गाळते,
कुपीत भरते, सुईच्या टोकाशी आणते.
तिथे थेंबाचा फवारा होतो, फवाऱ्याची वाफ,
आणि वाफेतून विजेचा भार घेतलेले कण
अशा एका पोकळीत शिरतात जिथे हवासुद्धा नाही.
मधोमध एक धातूची चाती.
चाती स्थिर. सूत तेवढं फिरतं.
हलका कण लगबगीनं झुलतो,
जड कण रमतगमत,
त्या झोक्यांच्या लयीवरून यंत्र सांगतं
कोणाचं वजन किती,
टिंबाच्या पुढे चार आकड्यांपर्यंत.

"आमचे आकडे टिंबाच्या अलीकडे असायचे," मॅलकी म्हणतो.
"टनांत."

मातीतले जीव मला कधीच दिसत नाहीत.
दिसतं ते त्यांचं उष्टं, त्यांची शिदोरी,
शेजाऱ्यासाठी कालवून ठेवलेलं विष.
पडद्यावर सुळके उभे राहतात, चार हजारांवर.
कोशात नावं सापडतात तीनशे-साडेतीनशेंना.
बाकीचे जुन्या फोटोतल्या मजुरांसारखे :
उंची कळते, खांदे कळतात,
हा कोण, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

त्यांतलाच एक, ४१९.२५५७.
कोरड्या पट्ट्यात नाही.
भिजून वर्ष झालेल्या चरात नाही.
तिसऱ्या वर्षाच्या चरात मुंगीएवढा,
आणि पाचव्या वर्षाच्या, तिथे मात्र
मान वर करून पाहावा असा.
कोणीतरी काहीतरी बनवायला लागलंय.
कोण, ते माहीत नाही. कशासाठी, तेही नाही.
मी रकान्यात लिहिते : अज्ञात, अकराशे सत्त्याऐंशी.

मॅलकी वाकून बघतो, चष्मा कपाळावर.
"हे चांगलं की वाईट?"
नवीन आहे, मी म्हणते.
"ते नव्हतं विचारलं."

मग बराच वेळ पंपाची घरघर.
"आणि मी जे काढून नेलं,
ते दिसतं का गं यात कुठे?"

जे आहे तेच याला तोलता येतं,
असं काहीसं सांगायला मी तोंड उघडते,
तोवर तो रिकामी पेटी काखोटीला मारून निघालेला,
पुढच्या मंगळवारी सहाच मिळतील, म्हणत,
वरच्या अंगाला पाणी फार चढलंय,
आणि हे वाईट वाटून सांगतोय की खुशीत
ते त्याच्या पाठीवरून कळत नाही.

पायपुसण्यावर त्याच्या बुटांची माती, अजून ओली.
कोणत्या चराची, कोण जाणे.
वाळलेल्या, भिजलेल्या, सगळ्यांवरून तो चालून आलाय.
नियमात बसत नाही हे :
नमुन्याला जागा लागते, खोली लागते, तारीख लागते,
हातमोजे तर लागतातच.
मी चिमटीभर उचलते.

आज रात्रीच्या फेरीला छप्पन्न कुप्या आहेत.
सत्तावन्नावी खाच रिकामीच होती.